उणे अडतीस

उणे अडतीसला हवा चावते, असं आर्सेन म्हणायचा.
चावत नाही. मोजते.
एकेक बोट वेगळं काढून मोजते
आणि एखादं परत द्यायला विसरते.

यलोनाइफला आमचं हँगर एक, विमानं तीन.
आत मावतं एकच.
बाकीच्यांची दुखणी बाहेर, अंधारात,
इंजिनाभोवती रजई आवळून, खालून हीटरची सोंड लावून,
बाळंतिणीला शेक द्यावा तशी.

लॉकिंग वायर हातमोजे घालून पिळता येत नाही.
बोल्टच्या भोकातून ओवायची, इंचाला सात पीळ,
उघड्या बोटांनी, वीस आकडे म्हणेपर्यंत.
मग हात काखेत.
मग पुन्हा वीस.
नियमावलीत पिळांची संख्या दिली आहे.
आकड्यांची नाही.

माझ्या परवान्याला अकरा वर्षं झाली.
त्याआधी चार वर्षं उमेदवारी, एका वृद्ध पोलिशाच्या हाताखाली,
जो चुकलं की बोलायचा नाही, फक्त बोल्ट सोडवून ठेवायचा.
पगाराची चिठ्ठी शुक्रवारी येते, तीही हवेसारखीच:
उणे कर, उणे विमा, उणे पेन्शन,
आणि घरी पोचल्यावर उणे टॉर्क रेंचचा हप्ता,
कारण हत्यारं आमची आम्ही घ्यायची.
विमान तेवढं कंपनीचं.

वाढ मागायला गेले तेव्हा होक्स्ट्रा म्हणाला,
तुला विमानं आवडतात ना?
आवडतात.
दुधाच्या दुकानात विचारून पाहिलं,
आवड सुटी करून देत नाहीत.

आर्सेन बोलिओ तीन हिवाळे माझ्या हाताखाली होता.
एकदा पाळी संपताना दहाचं सॉकेट कमी भरलं.
फळीवर प्रत्येक हत्याराची लाल आकृती काढलेली आहे,
त्या रात्री एक आकृती उघडी राहिली.
सॉकेट सापडल्याशिवाय विमान सोडायचं नाही.
आम्ही काउलिंग उतरवलं, बर्फ चाळला, कचरा चाळला,
सकाळी सातला ते त्याच्याच पँटच्या दुमडीतून पडलं.
तो हसला, मग नीट रडला.
तीन तास जादा लिहिले होते. होक्स्ट्राने खोडले:
शोधणं म्हणजे काम नव्हे.

वसंतात आर्सेन हिऱ्यांच्या खाणीवर गेला, ट्रक चालवायला.
ट्रक घराएवढा. शिकायला सहा आठवडे.
पगार माझ्या दुप्पट, जेवण खाणीचं,
दोन आठवडे काम, दोन आठवडे घर.
निरोप घेताना म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस.
मी वाटून घेतलं नाही. हिशेब केला.
त्याच्या कोटाचा खिळा अजून भिंतीत आहे,
त्याच्याभोवती कुणी लाल आकृती काढलेली नाही.

खाणीची माणसं मंगळवारी आमच्याच विमानाने जातात.
काल रात्री डाव्या इंजिनाला तेल पाझरत होतं,
थेंब नव्हे, नुसती ओल,
बोट लावलं की कळेल एवढी.
सील बदललं. इंजिन फिरवून पाहिलं, पुसलं, पुन्हा पाहिलं.
लॉगबुकात पेन गोठलं, ते तोंडात धरून वितळवलं,
आणि सही केली.

रांगेत आर्सेन होता, नवा पार्का, दाढी.
माझ्यापाशी थांबला.
रात्री कोण होतं?
मी.
बरं, म्हणाला, आणि चढला.

डाव्या इंजिनाशेजारची खिडकी त्याची.
पंखा फिरायच्या आधीच डोकं काचेला टेकलेलं,
तोंड उघडं. झोपला होता.

माझं कार्ड मी केव्हाच टोचलं होतं.
तरी उभी राहिले, कानावरची टोपी वर करून.
कुंपणावर एक डोमकावळा, तोही तिकडेच बघत.
ही दहा मिनिटं कुठल्याच हिशेबात नाहीत.
उजवं लागलं.
मग डावं, माझं.
मग दोन्ही मिळून एकच आवाज, सरोवरावरून दूर,
दूर,
आणि मग नुसता कान दुखू लागला.